क्लायंटनं नियम मोडला, तर डेटाबेसनं समजून घ्यायचं की सरळ फोन ठेवायचा?

समजा तुम्ही प्रोग्रामर आहात. तुमच्या लॅपटॉपवर रेडिस नावाचा डेटाबेस सुरू आहे. तो फक्त त्याच मशिनवरून येणाऱ्या कनेक्शनला उत्तर देतो, बाहेरच्या कुणालाही त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. म्हणून तुम्ही पासवर्ड लावायचा कंटाळा केलाय. मग दुसऱ्या टॅबमध्ये तुम्ही एक अनोळखी वेबसाइट उघडता आणि ती वेबसाइट तुमच्या या ‘सुरक्षित’ डेटाबेसमधलं सगळं पुसून टाकते.

२०१७ च्या आधीच्या रेडिसवर हे खरोखर शक्य होतं.

बाहेरून कनेक्शन होत नाही, हे बरोबर. पण ब्राउझर तर आतच बसलाय ना! वेबपेजमधली स्क्रिप्ट ब्राउझरला सांगते, याच मशिनच्या ६३७९ नंबरच्या पोर्टवर एक फॉर्म पाठव. ६३७९ हा रेडिसचा पोर्ट. ब्राउझर आपल्या नेहमीच्या भाषेत, म्हणजे एचटीटीपीत, बोलायला लागतो. पहिली ओळ ‘पोस्ट’ या शब्दानं सुरू होते. रेडिसकडे अशी कमांडच नाही. तो म्हणतो, कळलं नाही. दुसरी ओळ ‘होस्ट’नं सुरू होते. तीही कळली नाही. अशा सात-आठ ओळी जातात आणि प्रत्येकीला रेडिस शांतपणे ‘कळलं नाही’ म्हणत राहतो. शेवटी येतो फॉर्मचा मजकूर, जो हल्लेखोरानं लिहिलेला असतो. त्यातल्या एका ओळीवर रेडिसची अस्सल कमांड असते, ‘सगळं पुसून टाक’. ही मात्र त्याला नीट कळते आणि तो ती पाळतो.

रेडिसचं चुकलं कुठं? खरं तर तो फार समजूतदारपणे वागला. समोरच्याची एक ओळ चुकली म्हणून त्यानं संबंध तोडले नाहीत, पुढची ओळ ऐकून घेतली. या समजूतदारपणामागे कारणही होतं. प्रोग्रामरच्या हाताशी कुठलंही खास सॉफ्टवेअर नसेल, तरी त्याला साध्या टर्मिनलवरून ओळ टाइप करून रेडिसशी बोलता यावं, म्हणून ही सोय ठेवलेली होती. माणूस टाइप करतो तेव्हा चुका होणारच.

२०१७ च्या सुरुवातीला आलेल्या ३.२.७ या आवृत्तीत रेडिसनं यावर उपाय केला. ‘पोस्ट’ किंवा ‘होस्ट’नं सुरू होणारी ओळ दिसली की पुढं काहीही ऐकायचं नाही. लॉगमध्ये हल्ल्याचा संशय नोंदवायचा आणि कनेक्शन बंद करायचं.

आता हा प्रश्न फक्त रेडिसचा नाही. जगातल्या प्रत्येक डेटाबेस सर्व्हरला रोज असे क्लायंट भेटतात, जे नियमानं बोलत नाहीत. त्यातले काही हल्लेखोर असतात, काही चुकीचे लिहिलेले प्रोग्रॅम असतात आणि काही तर चुकून भलत्याच दारात आलेले असतात. त्यांच्याशी वागायचं कसं?

एकशे एकोणीस कोटी बाइटचा निरोप

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इथं ‘क्लायंट’ म्हणजे तुम्ही-आम्ही नाही. तुम्ही मोबाइलवरून तिकीट काढता, तेव्हा तुमचं अ‍ॅप थेट डेटाबेसशी बोलत नाही. मध्ये कंपनीच्या मशिनवर एक प्रोग्रॅम असतो आणि तो डेटाबेसकडे जागा शिल्लक आहेत का विचारतो. डेटाबेसच्या दृष्टीनं क्लायंट तो. या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, कुणी आधी बोलायचं, वाक्य कुठं संपलं हे कसं कळवायचं, याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल.

नेटवर्कवरून डेटा येतो तो पाण्याच्या धारेसारखा, एकामागोमाग एक बाइट. त्यात ‘इथं एक निरोप संपला, इथं दुसरा सुरू झाला’ अशी खूण आपोआप नसते. ती प्रोटोकॉलला ठेवावी लागते. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसची पद्धत साधी आहे. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला एक अक्षर, म्हणजे निरोप कुठल्या प्रकारचा आहे ते. मग चार बाइटमध्ये लांबी, म्हणजे निरोप केवढा मोठा आहे ते. आणि मग मजकूर. फक्त कनेक्शन सुरू करतानाच्या पहिल्या निरोपाला ते अक्षर नसतं, तो थेट लांबीपासूनच सुरू होतो.

आता एखाद्या ब्राउझरनं किंवा इंटरनेटवर पोर्ट चाचपत फिरणाऱ्या एखाद्या स्कॅनरनं पोस्टग्रेसच्या दारावर एचटीटीपीमध्ये टकटक केली, तर काय होईल? एचटीटीपीची साधी विनंती ‘गेट’ या इंग्रजी शब्दानं सुरू होते. तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा, झाले चार बाइट. संगणकाच्या आत या चार चिन्हांचे आकडे आहेत ७१, ६९, ८४ आणि ३२. पोस्टग्रेस मात्र या चार बाइटना लांबी समजून एकत्र वाचतो आणि त्याच्यासमोर आकडा येतो १,१९,५७,२५,८५६.

म्हणजे समोरचा म्हणतोय, मी तुला जवळपास एकशे वीस कोटी बाइटचा निरोप पाठवतोय. आणि हा तर फक्त नमस्कार आहे, अजून नावगावही सांगितलेलं नाही!

(हा आकडा कुठं ना कुठं पाहिल्यामुळे अनेक सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ओळखीचा झालाय. डेटा वाहून नेणाऱ्या काफ्का या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये तो जसाच्या तसा छापून येतो.)

आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून सर्व्हरनं तेवढी मेमरी राखून ठेवली असती, तर अशी दहा-वीस कनेक्शनं त्याला गुदमरवायला पुरली असती. पण पोस्टग्रेसमध्ये पहिल्या निरोपाला १०,००० बाइटची मर्यादा आहे. त्यापेक्षा मोठा आकडा दिसला की तो लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि कनेक्शन बंद करतो. समोरच्याला उत्तर देतच नाही. समोरचा आपली भाषा बोलतो की नाही हेच अजून माहीत नसेल, तर त्याला चूक समजावून सांगायची तरी कुठल्या भाषेत?

पोस्टग्रेसचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो आणि त्यातल्या टिपा वाचायला मजा येते. एखाद्यानं कनेक्शन जोडलं आणि एकही बाइट न पाठवता तोडलं, तर पोस्टग्रेस लॉगमध्ये तक्रारसुद्धा करत नाही. कारण सर्व्हर जिवंत आहे का हे बघणारी देखरेखीची सॉफ्टवेअर नेमकं हेच करतात. कोडमधली टीप सांगते की पोर्ट स्कॅनरही असंच करतात आणि त्यांचा हेतू वाईट असू शकतो, पण त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे आमचं काम नाही.

चूक कळली, पण जागा हरवली का?

इथून पुढं मामला खरा रंगतो. कारण सगळ्याच चुकांना ‘फोन ठेवणं’ हे उत्तर नाही.

तुम्ही फोनवर कुणाकडून तरी बँकेचा खाते क्रमांक लिहून घेताय. समोरचा म्हणतो, ‘अकरा आकडे आहेत, लिही.’ त्यानं अकरा आकडे सांगितले, पण मधला एक चुकीचा होता. हरकत नाही. तुम्ही परत विचाराल. पण समजा तो अकरा म्हणाला आणि दहाच आकडे सांगून न थांबता पुढं मोबाइल नंबर सांगायला लागला. आता त्याच्या मोबाइल नंबरचा पहिला आकडा तुमच्या लेखी खाते क्रमांकाचा अकरावा आकडा झाला. मोबाइल नंबर एका घरानं सरकला. त्यानंतर तो जे काही सांगेल ते सगळं सरकलेलंच असेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्हाला ते कळणारही नाही, कारण आकडे तर आकड्यांसारखेच दिसतायत.

डेटाबेस सर्व्हरला हाच फरक ओळखावा लागतो. क्लायंटनं चूक केली हे पुरेसं नाही. चूक झाल्यावरही पुढचा निरोप नक्की कुठून सुरू होतो हे मला माहीत आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा.

माहीत असेल, तर चूक सांगून संवाद पुढं नेता येतो. समजा क्लायंटनं आधी तयार न केलेली क्वेरी ‘चालव’ म्हणून सांगितली. निरोप नीट बांधलेला आहे, फक्त मागणी वेडगळ आहे. पोस्टग्रेस चुकीचा निरोप परत पाठवतो आणि कनेक्शन चालू ठेवतो. पण तिथंही एक कडक नियम आहे. आजकाल क्लायंट वेळ वाचवण्यासाठी उत्तराची वाट न बघता पाच-सहा निरोप एकदम पाठवून देतात. पहिला फसला आणि सर्व्हरनं बाकीचे चालवले, तर गोंधळ होईल. एका खात्यातून पाचशे रुपये वजा करायचं फसलं आणि दुसऱ्या खात्यात जमा करायचं झालं, असा. म्हणून पोस्टग्रेसच्या प्रोटोकॉलमध्ये ‘सिंक’ नावाचा एक निरोप आहे. त्याचा अर्थ, इथं माझं एक काम संपलं, आता हिशेब सांग. मध्ये चूक झाली की सर्व्हर पुढचे निरोप वाचतो, पण ‘सिंक’ येईपर्यंत सगळे फेकून देतो. ‘सिंक’ आल्यावर पाटी कोरी. (क्लायंट लिहिणारा ‘सिंक’ पाठवायलाच विसरला, तर दोघंही एकमेकांची वाट बघत बसून राहतात. ही चूक शोधायला भारी वेळ लागतो.)

काही ठिकाणी तर पोस्टग्रेस चक्क काणाडोळा करतो. मोठा डेटा एकगठ्ठा भरताना क्लायंट तुकड्यामागून तुकडा पाठवत असतो. मध्येच एका ओळीत चूक निघाली आणि सर्व्हरनं ‘थांब’ म्हटलं, तरी ते ‘थांब’ क्लायंटपर्यंत पोचेपर्यंत आणखी काही तुकडे वाटेत असतात. नियमानं बघितलं तर आता या तुकड्यांना जागा नाही. पण क्लायंटनं ते पाठवले तेव्हा त्याला बातमी कळलेली नव्हती. म्हणून सर्व्हर ते गुपचूप बाजूला टाकतो, ना चूक सांगतो ना कनेक्शन तोडतो. मला वाटतं, सर्व्हरच्या सहनशीलतेचं हे सगळ्यात योग्य उदाहरण आहे. इथं सर्व्हर काहीही अंदाज बांधत नाही. काय घडलं असणार आणि निरोपाची हद्द कुठं आहे, या दोन्ही गोष्टी त्याला पक्क्या माहीत आहेत.

पण निरोपाच्या पहिल्या जागी कधी न ऐकलेलं अक्षर आलं, किंवा लांबीचा आकडाच अशक्य निघाला, तर? याचा अर्थ बहुतेक वेळा आपण निरोपाच्या सुरुवातीला नसून मधेच कुठंतरी आहोत. अशा वेळी पोस्टग्रेस जीवघेणी चूक नोंदवून कनेक्शन तोडतो. ‘पुढं कुठंतरी ओळखीचं अक्षर सापडेल, तिथून परत सुरू करू’ असा प्रयत्नही करत नाही.

हे निर्दयी वाटेल, पण डेटाबेसच्या जगात कनेक्शन तुटण्याला एक ठरलेला अर्थ आहे. पक्कं न केलेलं, म्हणजे कमिट न झालेलं, सगळं काम रद्द. वजा केलेले पाचशे रुपये आपोआप पूर्ववत. त्यामुळे शंका आली की फोन ठेवणं हा इथं सगळ्यात सुरक्षित मार्ग ठरतो. एकच अडचण राहते. क्लायंटनं ‘कमिट’ पाठवलं आणि उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं, तर काम झालं की नाही हे त्याला कळत नाही. त्याला परत जोडून तपासावं लागतं. ज्या प्रोग्रॅममध्ये ही तपासणी लिहिलेली नसते, तिथं एकच ऑर्डर दोनदा पडण्यासारखे प्रकार होतात.

सर्व्हरचीच जागा हरवली तेव्हा

फेब्रुवारी २०१५ मध्ये पोस्टग्रेसनं एक सुरक्षा दुरुस्ती आणली. तेव्हा वापरात असलेल्या ९.० ते ९.४ या सगळ्या आवृत्त्यांना ती लागू होती. ही चूक कुणा क्लायंटची नव्हती, सर्व्हरचीच होती. पण जागा हरवणं किती महागात पडू शकतं हे यातून जितकं नीट कळतं, तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

झालं असं की, सर्व्हर एखादा मोठा निरोप वाचत असतानाच नेमकी वेळेची मर्यादा संपली किंवा कुणीतरी क्वेरी रद्द केली, तर तो वाचन अर्धवट टाकून चूक सांगायला निघून जायचा. परत आला की समोर येणाऱ्या बाइटना नवा निरोप समजायचा. पण ते तर जुन्या निरोपाचं उरलेलं शेपूट! आता समजा त्या निरोपात एखाद्या युजरनं अपलोड केलेला फोटो होता आणि त्या फोटोच्या पोटात कुणीतरी मुद्दाम असे बाइट पेरले होते, जे बघताना अगदी ‘ही क्वेरी चालव’ या निरोपासारखे दिसतात. वेळ नीट जुळून आली, तर सर्व्हर फोटोतलीच क्वेरी चालवणार. वेबसाइट लिहिणाऱ्यानं सगळी काळजी घेतली होती, युजरनं दिलेला मजकूर क्वेरीत कधीही थेट मिसळला नव्हता, तरीही.

दुरुस्ती अगदी साधी होती. निरोप वाचायला घेतला की सर्व्हर आपल्याजवळ खूण करून ठेवतो, मी सध्या वाचतोय. या दरम्यान काहीही चूक झाली तर सावरायचा प्रयत्न नाही, कनेक्शन बंद.

२०२१ मध्ये असाच आणखी एक दरवाजा बंद झाला. सांकेतिक, म्हणजे एन्क्रिप्टेड, कनेक्शन सुरू करताना क्लायंट आधी साध्या भाषेत विचारतो, ‘एन्क्रिप्शन चालेल का?’ सर्व्हर ‘हो’ म्हणतो आणि मग दोघं सांकेतिक बोलायला लागतात. पण वाटेत बसलेल्या कुणी त्या प्रश्नाच्या पाठोपाठ आपले चार बाइट साध्याच भाषेत घुसवले, तर सर्व्हर ते साठवून ठेवायचा आणि नंतर खऱ्या क्लायंटचेच समजून वाचायचा. आता असे जादा बाइट दिसले की सर्व्हर कनेक्शन तोडतो. आणि लॉगमध्ये लिहितो की हा क्लायंट सॉफ्टवेअरमधला दोष असू शकतो किंवा मधल्या कुणाचा हल्लाही. यातलं नक्की काय, ते सर्व्हरला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. हल्लेखोर असो की घाईत लिहिलेला प्रोग्रॅम, बाइट तेच असतील तर वागणूकही तीच.

‘मी इतके पाठवले’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास

डिसेंबर २०२५ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसमधली एक त्रुटी जाहीर झाली आणि तिला लगेच ‘मोंगोब्लीड’ असं टोपणनाव पडलं. (२०१४ मध्ये गाजलेल्या ‘हार्टब्लीड’वरून.) मोंगोडीबीला निरोप दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, पाठवता येतो. त्यासोबत क्लायंट सांगतो की उलगडल्यावर हा निरोप एवढा मोठा होईल. आता क्लायंट खोटं बोलला तर? छोटासा निरोप पाठवला आणि मोठा आकडा सांगितला तर?

सर्व्हर सांगितलेल्या आकड्याएवढी मेमरी घ्यायचा, त्यात निरोप उलगडायचा आणि प्रत्यक्षात किती भरलं हे न बघता सांगितलेलाच आकडा खरा मानायचा. उरलेल्या जागेत काय असायचं? आधीच्या कामांचा शिळा मजकूर. तो दुसऱ्याच कुणाचा असू शकतो, अगदी पासवर्डसुद्धा. सर्व्हर त्या शिळ्या मजकुरालाही निरोपाचा भाग समजून वाचायचा आणि त्यातले तुकडे क्लायंटला पाठवलेल्या चुकीच्या निरोपातूनच बाहेर पडायचे. हे करायला लॉगिनची गरज नव्हती.

म्हणजे क्लायंटला ‘तुझं काय चुकलं’ हे सांगणाऱ्या त्या उत्तरातूनच गळती झाली. चुकीचा निरोप उपयोगी असावा, सविस्तर असावा, असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पण ज्याची ओळख अजून पटलेली नाही त्याला किती सविस्तर सांगायचं, हा वेगळा हिशेब आहे. पोस्टग्रेसचं सुरुवातीचं मौन इथं जास्त शहाणपणाचं वाटतं. लॉग सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी असतो, त्यात हवं तेवढं लिहा.

कडक सर्व्हरलाही न दिसणारी चूक

इतकं वाचून वाटेल की सर्व्हर पुरेसा कडक असला की झालं. तसं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर परिषदेत सोनार कंपनीचे संशोधक पॉल गेर्स्ट यांनी एक सादरीकरण केलं. (नाव मराठी वाटलं तरी कंपनी स्वित्झर्लंडची आहे.) त्यांनी पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या पीजीएक्स या गो भाषेतल्या लायब्ररीतला दोष दाखवला. लांबी लिहायला जागा आहे चार बाइट. चार बाइटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे साधारण चार जीबी. निरोप याहून मोठा झाला तर काय? जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर ९९,९९९ नंतर परत शून्यावर यायचं ना, तसंच. चार जीबीच्या थोडा वर गेलेला निरोप स्वतःची लांबी सांगताना म्हणणार, मी अगदी छोटासा आहे.

सर्व्हर तेवढाच छोटा निरोप वाचतो आणि पुढच्या बाइटला नवा निरोप समजतो. तो पुढचा मजकूर हल्लेखोराच्या हातात असेल, तर त्याला हवी ती क्वेरी तिथं ठेवता येते. चार जीबी म्हणजे खूप वाटतं, पण कुठलीही मर्यादा न लावलेल्या फॉर्ममध्ये तेवढा मजकूर पाठवता येतो.

यात सर्व्हरनं काय करायला हवं होतं? काहीच करता आलं नसतं. त्याच्यापर्यंत आलेला प्रत्येक निरोप नियमात बसणारा होता. अक्षर बरोबर, लांबी बरोबर, क्रम बरोबर. खोटं फक्त एवढंच की हे निरोप क्लायंटनं पाठवायचे ठरवलेच नव्हते. अशी चूक क्लायंटच्याच बाजूला पकडावी लागते. पीजीएक्सच्या ४.१८.२ आणि ५.५.४ या आवृत्त्यांमध्ये ती दुरुस्त झाली.

मग ‘उदार मनानं ऐका’ या नियमाचं काय?

कॉम्प्युटर शिकलेल्या वाचकांना एव्हाना पोस्टेल आठवले असतील. इंटरनेट घडवणाऱ्या पहिल्या पिढीतले जॉन पोस्टेल. १९८० च्या कागदपत्रांत त्यांनी सांगितलेलं तत्त्व असं होतं की पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. त्या काळासाठी ते अगदी योग्य होतं. नियम अर्धेमुर्धे लिहिलेले, मशिनं वेगवेगळ्या विद्यापीठांतली, सगळ्यांना एकमेकांशी कसंबसं बोलतं करायचं होतं.

पण उदारपणाचं पुढं काय होतं बघा. क्लायंट लिहिणारा चूक करतो. सर्व्हर ती पोटात घालतो. क्लायंट चालतोय असं दिसतं, मग तो हजारो ठिकाणी बसवला जातो. पुढं सर्व्हरला नियमाप्रमाणे वागायचं म्हटलं तरी वागता येत नाही, कारण मग हे हजारो क्लायंट बंद पडतात. दुसरा कुणी नवीन सर्व्हर लिहायला घेतो, तर त्याला छापील नियमांबरोबर हे न छापलेले नियमही पाळावे लागतात. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डानं २०२३ मध्ये याच विषयावर दस्तावेज काढला आणि पोस्टेल यांच्या तत्त्वाच्या या दुष्परिणामांची मांडणी केली. चुका गिळत बसण्यापेक्षा प्रोटोकॉलची सतत देखभाल करा, असा त्याचा रोख आहे.

पोस्टग्रेसला याचा अनुभव आहेच. त्याच्या प्रोटोकॉलची ३.० ही आवृत्ती २००३ ची. नवी, ३.२ ही आवृत्ती आली थेट सप्टेंबर २०२५ मध्ये, पोस्टग्रेस १८ सोबत. आवृत्ती कशी ठरवायची याची रीत नियमांत होती, पण इतकी वर्षं ती कुणी वापरलीच नाही. त्यामुळे पोस्टग्रेसची भाषा बोलणाऱ्या इतर काही सॉफ्टवेअरना ती नीट जमतच नव्हती. परिणाम असा की पोस्टग्रेस १८ ची स्वतःची क्लायंट लायब्ररीसुद्धा, वेगळं सांगितलं नाही तर, अजून जुन्या ३.० मध्येच बोलते.

शिक्षा कुणाला होते?

कडकपणा फसतो तेव्हा कसा फसतो, हे मायएसक्यूएलमध्ये बघायला मिळतं. एखाद्या मशिनवरून कनेक्शन सुरू झाली, पण ओळख पटवण्याच्या टप्प्यात अर्धवटच तुटली, असं लागोपाठ होत राहिलं, तर मायएसक्यूएल त्या मशिनलाच बंदी घालतो. मर्यादा साधारण १०० ची असते, मध्ये एकदा नीट कनेक्शन झालं की मोजणी परत शून्यावर. बंदी लागली की ती उठवायला कुणीतरी माणूस लागतो.

कल्पना वाईट नाही. पण मध्ये लोड बॅलन्सर असेल तर? तो दर काही सेकंदांनी दार ठोठावून, सर्व्हर जागा आहे एवढं बघून निघून जातो. मायएसक्यूएलच्या लेखी हे अर्धवट तुटलेलं कनेक्शन. रात्रभरात शंभराची मर्यादा कधीच ओलांडली जाते. सकाळी खरी वेबसाइट त्याच लोड बॅलन्सरमधून डेटाबेसकडे जाते आणि तिलाच दार बंद. चूक केली तपासणीनं, शिक्षा झाली तिच्याच पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्यांना. म्हणून काही लोड बॅलन्सरमध्ये मायएसक्यूएलशी रीतसर ओळख करून घेऊन, रीतसर निरोप घेऊन निघणारी खास तपासणी दिलेली असते.

पोस्टग्रेस चुकलेलं कनेक्शन तोडतो आणि तिथंच विषय संपवतो. त्याच क्लायंटनं पुढच्या सेकंदाला नीट कनेक्शन केलं, तर त्याच्याविरुद्ध काहीही राखून ठेवलेलं नसतं. मला ही रीत जास्त पटते, कारण नेटवर्कवरच्या एका पत्त्यामागे किती क्लायंट आहेत हे सर्व्हरला कळायला काही मार्गच नसतो.

तुम्ही स्वतः एखादा डेटाबेस सांभाळत असाल आणि लॉगमध्ये ‘पहिल्या निरोपाची लांबी चुकीची’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर आधी ती कुठल्या पत्त्यावरून आली ते बघा. लॉगमध्ये पत्ता येत नसेल, तर कनेक्शनची नोंद ठेवण्याची सेटिंग सुरू करा. पत्ता तुमच्याच नेटवर्कमधला असेल आणि ओळ ठरावीक अंतरानं येत असेल, तर बहुधा एखादी देखरेखीची तपासणी एचटीटीपीसाठी लावलेली आहे आणि तिला चुकून डेटाबेसचा पोर्ट दिलाय. पत्ता बाहेरचा असेल, तर सर्व्हरनं त्याचं काम केलेलं आहे. तुमचा डेटाबेसचा पोर्ट इंटरनेटवर उघडा कसा राहिला, ते मात्र तुम्हालाच शोधावं लागेल.